शून्याचं तिकीट आणि नवं सरकार : तुमच्याकडं काय चाललंय?

वडगावकर
बुधवार, १४ जून २०२३, रात्री ९.४०

रविवारी दुपारी एक वाजल्यापासून कर्नाटकात बायकांना सरकारी लाल बस फुकट झाली. सोमवारी सकाळी मी चहा पीत बसलो होतो, तर आई साडी बदलून, पिशवी घेऊन दारात उभी. "यल्लम्माला जाऊन येते." कुणाबरोबर? "कुणाबरोबर म्हणजे? बसनं." वय ६८. बाबा गेल्यापासून ती एकटी सीबीटी बसस्टँडच्या पुढं गेलेली मला आठवत नाही.

रात्री आठला परत आली. पाय सुजलेले, कपाळभर भंडारा, सौंदत्तीपासून बैलहोंगलपर्यंत उभ्यानं आलेली. तोंडावर मात्र जवळच्या कुणाच्या लग्नाला जाऊन आल्यासारखं तेज. तिकीट तिनं देव्हाऱ्यात ठेवलंय. मी काढून बघितलं. सगळा मजकूर कन्नडमध्ये, रकमेच्या जागी शून्य. आईला कन्नड वाचता येत नाही. "तेवढं वाचता येतंय मला," म्हणाली.

धागा काढायचं कारण वेगळं आहे. आमच्या बेळगावातल्या गल्लीत बेंगळूरचं सरकार हा कधी बोलायचा विषयच नव्हता. निकालाच्या दिवशी टीव्ही लावायचा, महाराष्ट्र एकीकरण समितीचे आकडे बघायचे आणि बंद करायचा. १३ मेला पण तेच झालं. बेळगाव दक्षिणेत समितीचे कोंडुसकर बारा हजारांनी मागं पडले, सगळीकडं शून्य, सलग दुसऱ्या निवडणुकीत. अकरा-साडेअकराला गल्ली चिडीचूप. पुढं काँग्रेसचे १३५ आले, चार-पाच दिवस दिल्लीत मुख्यमंत्री सिद्दरामय्या की शिवकुमार चाललं, २० मेला कंठीरव स्टेडियमवर शपथविधी झाला, त्याच दिवशी पहिल्या बैठकीत प्रचारात कबूल केलेल्या पाच गॅरंट्यांना तत्त्वतः मंजुरी दिली, वर्षाला ५० हजार कोटींच्या आसपास खर्च म्हणून सांगितलं. आम्ही हे सगळं पाहुण्याच्या घरातली भांडणं ऐकावीत तसं ऐकत होतो.

आणि आता महिना व्हायच्या आत गल्लीत दुसरं काही बोलणंच नाही. कट्ट्यावर, नळावर, पिठाच्या गिरणीत, सगळीकडं बस, लाईट बिल आणि बायकांचे महिन्याला दोन हजार. तुमच्या गावात काय चाललंय ते लिहा. खरं लिहा. व्हॉट्सॅपवरचं इथं आणून टाकू नका.

---

कुंदा_प्रेमी
१४ जून, रात्री १०.०५

आमच्या घरात चालायलंय ते सांगतो. बायको, मेहुणी आणि मेहुणीची सासू रोज संध्याकाळी "नुसतंच" गोकाक फॉल्सला जायचं का, कित्तूरला जायचं का म्हणून नकाशा घेऊन बसायलेत. मी विचारलं, माझं काय? तर म्हणाली, तुम्ही तिकीट काढून या की.

मोबाईलवर दिवसातून चाळीस वेळा सिद्दरामय्यांचं ते "ननगू फ्री, निनगू फ्री" (मलाही फ्री, तुलाही फ्री) येतंय. मला कुणीच फ्री म्हणंना.

---

खानापूरची_लेक
१४ जून, रात्री ११.२०

वडगावकर दादा, तुमच्या आईंचं वाचून बरं वाटलं. पण तुम्ही शहरातले. दारात बस आहे म्हणून फुकट बसचं कौतुक.

मी जांबोटीच्या अलीकडच्या एका वाडीतली. गावाचं नाव नको, आधीच लोक ओळखतात. आमच्याकडं सकाळी एक गाडी, संध्याकाळी एक गाडी. पावसाळ्यात रस्ता गेला की तीही मुख्य रस्त्यावरच थांबते आणि तिथून दोन मैल चिखल. गेले तीन दिवस सकाळची गाडी कणकुंबीकडून येतानाच भरून येते. सोमवारी थांबली. मंगळवारी ड्रायव्हरनं लांबूनच हात हलवला. आज थांबली, पण चढलो आम्ही सात जणीच. कॉलेजची पोरं खाली राहिली, त्यातली दोन पास काढलेली. फुकट्या आत आणि पैसे भरलेले बाहेर, असं एकजण मोठ्यानं बोलला. मला लागलं. खोटं बोलत नव्हता, म्हणून जास्त लागलं.

मात्र दुसरी बाजू पण लिहिते. आमच्या वाडीतल्या पाच-सहा बायका बेळगावात घरकामाला जातात. येण्याजाण्यात पगाराचा चौथा हिस्सा जायचा. त्यातली एक परवा गाडीत म्हणाली, "या महिन्यात पोरीला चष्मा करते." सरकारबद्दल इतकंच बोलली ती. मुख्यमंत्री कोण झाला हे तिला विचारलं असतं तर सांगता आलं नसतं.

आमचे आमदार भाजपचे झालेत, सरकार काँग्रेसचं. आता जादा गाड्या मागायच्या कुणाकडं? हे म्हणणार सरकार त्यांचं, ते म्हणणार आमदार तुमचे. भीमगडच्या जंगलातल्या गावांना तर अजून नीट रस्ताच नाही. तिथल्या बायकांना शून्याचं तिकीट दाखवायला आधी गाडी दिसायला हवी.

---

मागवाला
गुरुवार, १५ जून, सकाळी ७.१५

बायकांना फुकट दिलं, चांगलं झालं. आता पुरुषांचं ऐका.

माझ्या शेडमध्ये माग आहेत. जूनचं बिल हातात आलं तेव्हा पहिल्यांदा वाटलं शेजाऱ्याचं आलंय. नाव बघितलं, माझंच. वीज नियामक आयोगानं १२ मेला, म्हणजे निकालाच्या आदल्या दिवशी, सरासरी ७० पैसे युनिटमागं वाढवले आणि तेही १ एप्रिलपासून. म्हणजे एप्रिलची थकबाकी पण याच बिलात. फिक्स्ड चार्ज वेगळा वाढला. भाजपवाले म्हणतात काँग्रेस आली आणि बिल वाढलं. काँग्रेसवाले म्हणतात आदेश आमच्या आधीचा आहे. दोन्ही खरं आहे, पण भरायचं मलाच आहे.

घरातल्या बिलाचं गणित तर बघा. आता दोनच टप्पे. १०० युनिटपर्यंत ४ रुपये ७५ पैसे. १०० च्या वर गेलात की सगळ्याच युनिटला ७ रुपये, वरच्या एकट्या युनिटला नव्हे. मग गृहज्योतीत २०० युनिट माफ म्हणायचं. माफ कुणाला? मागच्या वर्षाची सरासरी काढणार, त्यावर दहा टक्के, तेवढंच माफ. माझी सरासरी ९० असेल तर मला ९९ माफ. २०० नव्हे. हे प्रचारात कुणी सांगितलं होतं?

वडगाव-शहापूर-खासबागात माग थांबला की किती घरं थांबतात ते इथल्यांना सांगायला नको. सूत महाग, साडीला उठाव नाही, आता वीज. बायको फुकटात यल्लम्माला गेली तर माझ्यासाठी एवढंच मागून ये म्हणून सांगितलंय.

---

पुण्यातला_बेळगावकर
१५ जून, सकाळी ९.५०

सगळ्यांचं वाचलं. मला एक कळत नाही, आपण एवढे खूश का आहोत? हा पैसा कुठून येणार? रस्ते, पाणी, शाळा यातूनच जाणार ना? फुकटची सवय लागलेला समाज कधी वर येत नाही. राकसकोप धरणाची पातळी खाली चाललीय, मिरगाचा पाऊस नाही, पुढच्या महिन्यात नळाला पाणी येईल का याची खात्री नाही, आणि चर्चा कशाची तर बसची.

---

अनगोळची_सून
१५ जून, सकाळी १०.३०

पुण्याच्या भाऊंना नमस्कार. तुमच्याकडं १७ मार्चपासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे. गेल्या वर्षीपासून ७५ वर्षांवरच्यांना पूर्ण फुकट. तिकडचा समाज वर यायचा थांबला का? तुमच्या घरच्यांनी अर्ध्या तिकिटात कोल्हापूरचा प्रवास केला असेल तर तेवढं सांगा, मग पुढं बोलू.

पाण्याचं बरोबर आहे. आमच्याकडं आठ दिवसांनी येतंय. पण पाणी आल्यावर बस बंद करायची आणि बस आल्यावर पाणी बंद करायचं, असा काही नियम आहे का?

---

पुण्यातला_बेळगावकर
१५ जून, सकाळी १०.४८

अर्ध्या तिकिटाचं मान्य. आईनं केलाय प्रवास.

---

जुना_समितीवाला
१५ जून, दुपारी ४.१०

पोरांनो, तुमचं सगळं वाचतोय. कडू बोलेन, राग मानू नका.

हे सिद्दरामय्या आपल्याला नवे नाहीत. २०१३ ते १८ हेच होते. जुलै २०१४ मध्ये येळ्ळूरचा "महाराष्ट्र राज्य येळ्ळूर" फलक उतरवला तेव्हा मुख्यमंत्री कोण? लोकांनी परत उभा केला, मग लाठीमार झाला, तेव्हा कोण? त्याच वर्षी १ नोव्हेंबरला, आपल्या काळ्या दिनी, बेळगावचं बेळगावी झालं, तेव्हा कोण? भाजप आपला नव्हता, तसे हेही आपले नव्हेत. आता शून्याचं तिकीट हातात दिलं की हे सगळं शून्य झालं का?

परवा १ जूनला हिंडलग्याच्या हुतात्मा स्मारकाला गेलो होतो. १९८६ च्या कन्नड सक्तीच्या वेळचे आम्ही मोजके राहिलोय. मी तिथं उभा होतो आणि शेजारी दोघंजण दोन हजारांच्या गृहलक्ष्मीचा अर्ज कधी सुटणार यावर बोलायलेले. मी काही बोललो नाही. घरी आलो तर सुनेनं तेच विचारलं.

२००४ पासून सुप्रीम कोर्टात सीमाप्रश्नाचा दावा पडलाय. महाजन अहवालाला ५६ वर्षं होत आली. एवढी वर्षं आपण कुठल्या सरकारनं काय दिलं हे बघितलं नाही, कोणत्या राज्यात राहायचं हे बघितलं. हिशेब मांडायला लागलो की लढा संपला असं मला वाटतं. चुकत असेन.

---

अनगोळची_सून
१५ जून, सायंकाळी ५.०२

काका, राग कशाचा. तुम्ही लाठ्या खाल्लेली माणसं. पण मला विचारायचंय. तुम्ही हिशेब मांडला नाही कारण तुम्हाला मांडावा लागला नाही. घरात किराणा, फी, दवाखाना याचा हिशेब काकी मांडत होत्या. त्यांना कधी विचारलं का, समितीच्या जाहीरनाम्यात काय हवं?

मी माहेरची येळ्ळूरची. फलक उतरवला तेव्हा मी तिथंच होते, मला कुणी सांगायला नको. मराठी आहे आणि मराठीच राहणार. २०१३ ला समितीचे दोन आमदार आले, संभाजीराव आणि खानापुरात अरविंदराव, तेव्हा आम्ही बायकांनी दारात रांगोळ्या घातल्या. त्यानंतर सभा झाल्या, मोर्चे झाले, दोन गट झाले, तीन गट झाले, परत एक झाले. एकदाही कुणी दारात येऊन विचारलं नाही की ताई, सकाळच्या बसला बसायला जागा मिळते का.

आणि महाराष्ट्रातले नेते? यंदा निवडणुकीत फडणवीस समितीच्या विरोधातल्या उमेदवारांच्या प्रचाराला बेळगावात आले. त्यांच्याच सरकारनं आपल्या सीमाभागातल्या ८६५ गावांना महात्मा फुले जनआरोग्य योजना लागू केली, त्यावर तेव्हाच्या मुख्यमंत्री बोम्मईंनी आदळआपट केली. म्हणजे मुंबईचं सरकार आपल्याला औषध देणार आणि मत दुसऱ्याला मागणार. मग बेंगळूरच्या सरकारची बस मी का सोडायची? मी तिकीट घेतलं म्हणून माझी जात बदलली नाही आणि भाषा पण बदलली नाही. कंडक्टरला मराठीतच विचारते, गाडी कधी सुटणार.

---

जुना_समितीवाला
१५ जून, सायंकाळी ५.४०

जाहीरनाम्याचं बरोबर आहे तुझं. काकीला विचारलं आत्ता. म्हणाली, "आता विचारायलाय?"

---

शिनोळीफाटा
१५ जून, रात्री ८.३०

मी चंदगड तालुक्यातला, म्हणजे तुमच्या भाषेत "तिकडचा". घर शिनोळीत, धंदा बेळगावात. आमच्या घरापासून बाची दिसते. बाची कर्नाटकात, आम्ही महाराष्ट्रात. मध्ये ना नदी, ना डोंगर. एक शेत आहे.

आमच्या गावातल्या बायका रोज भाजी घेऊन बेळगावच्या बाजारात जातात. बाचीच्या बायका पण जातात. एकाच बाजारात, शेजारी शेजारी बसतात. सोमवारपासून बाचीवाली फुकट आणि शिनोळीवालीला पूर्ण तिकीट, कारण आधारवर पत्ता महाराष्ट्राचा. बरं, आमच्या एसटीत अर्धं तिकीट, पण तेही महाराष्ट्राच्या हद्दीपर्यंत. हद्द आमच्या घरामागं संपते. म्हणजे अर्ध्या तिकिटाचा फायदा साधारण शंभर पावलांचा.

आता गंमत. परवा आमची एक मावशी बाचीपर्यंत टोपली डोक्यावर घेऊन चालत गेली आणि तिथून लाल बसमध्ये चढली. कंडक्टरनं आधार मागितलं. दाखवलं. त्यानं वाचलं, तिच्याकडं बघितलं, तिकीट फाडलं, पैशाचं. ती म्हणाली, "अरे, माझं माहेर बाचीच!" तो म्हणाला, "मावशी, माहेर आधारवर नसतंय."

सीमाप्रश्नावर एवढी वर्षं ऐकतोय. तो आधार कार्डाच्या पाठीमागच्या दोन ओळींत बसेल असं वाटलं नव्हतं.

---

निपाणीकर
१५ जून, रात्री ९.१५

शिनोळीफाटा, तुमचं वाचून हसायला पण आलं आणि गप्प पण बसलो. आमच्या निपाणीचा स्टँड आता बघायला या. बेळगाव-कोल्हापूर थेट गाडीला शून्याचं तिकीट चालत नाही, ती आंतरराज्य. मग बायका काय करतात? बेळगाव-निपाणी गाडीत फुकट येतात, इथं उतरतात, कोल्हापूरची एसटी पकडतात, हद्दीवरच्या कोगनोळीपर्यंत पूर्ण आणि कागलपासून अर्धं. एका प्रवासात शून्य, पूर्ण आणि अर्धं, तिन्ही. कंडक्टरांची डोकी फिरली आहेत. माझं स्टँडसमोर दुकान आहे, सुटे मागायला दिवसातून पन्नासजणी येतात. चहा घेतल्याशिवाय सुटे देत नाही म्हणून पाटी लावलीय. धंदा बरा चाललाय, खोटं कशाला बोलू.

माझ्या दोन बहिणी. थोरली गडहिंग्लजला दिली, धाकटी चिकोडीला. धाकटी या आठवड्यात दोनदा आली. थोरली फोनवर म्हणाली, "बाबांनी मला चुकीच्या राज्यात दिली."

---

कंडक्टरचा_पोरगा
शुक्रवार, १६ जून, सकाळी ६.३०

नाव सांगत नाही, कारण कळेल. माझे वडील कंडक्टर. चार दिवस त्यांचा आवाज बसलाय.

लोकांना वाटतं फुकट म्हणजे तिकीटच नाही. तसं नाही. प्रत्येक बाईला शून्याचं तिकीट द्यायचंच. त्या तिकिटांवरूनच सरकार महामंडळाला पैसे देणार. एक तिकीट राहिलं आणि तपासनीस चढला तर जाब कंडक्टरला. पूर्वी भरलेल्या गाडीत ६० माणसं असली तरी त्यातली निम्मी पासवाली, ओळखीची. आता ९० आणि त्यातल्या ६० बायका. प्रत्येकीचं आधार बघायचं, पत्ता वाचायचा, मशीनवर दाबायचं, आणि पुढचा स्टॉप यायच्या आत संपवायचं. म्हाताऱ्या बायका आधार साडीच्या ओच्यात, त्यातल्या पाकिटात, त्यातल्या प्लास्टिकमध्ये ठेवतात. काढेपर्यंत गाव येतं. तीन महिन्यांत स्मार्ट कार्ड देणार म्हणतात, तोपर्यंत असंच.

आणि लांबच्या गाड्यांत निम्म्या जागा पुरुषांसाठी राखीव. पहिल्यांदाच असं झालं असेल. एक आजोबा बाबांना म्हणाले, "अण्णा, आमची सीट कुठली?" बाबांनी दाखवली तर तिथं चार बायका आणि एक बोकड. बोकडाचं तिकीट काढलेलं होतं.

पहिल्या दिवशी अर्ध्या दिवसात राज्यात पाच लाख सत्तर हजारांच्या वर बायका फिरल्या म्हणून बातमी आली. बाबा म्हणाले, त्यातल्या निम्म्या माझ्याच गाडीत होत्या.

पण एक सांगतो. बाबांनी परवा घरी येऊन आईला विचारलं, "तू कधी जाणार?" ३० वर्षं कंडक्टरकी, आईला त्यांनी गाडीत कधी बसवलेलं नाही. फॅमिली पास होता, तरी नाही. रविवारी जातेय ती. बाबांच्या गाडीत नव्हे, दुसऱ्याच्या. त्यांना बघून लाज वाटेल म्हणाली.

---

टिळकवाडीचा_वकील
१६ जून, सकाळी ११.००

बस, वीज यात सगळे गुंतलेत आणि तिकडं काल मंत्रिमंडळानं धर्मांतरबंदी कायदा रद्द करायचं ठरवलं, पाठ्यपुस्तकांतले धडे बदलायचे ठरवले. यावर कुणी बोलणार की नाही?

---

पुण्यातला_बेळगावकर
१६ जून, सकाळी ११.१२

बोलायलाच हवं. हेच मी म्हणत होतो…

---

संचालक
१६ जून, दुपारी १२.३०

यानंतरचे १९ प्रतिसाद काढले आहेत. धर्मांतर कायद्यासाठी वेगळा धागा काढा, तिथंही सभ्य भाषेत. एकमेकांच्या आजोबांपर्यंत जाऊ नका. इथं बस, वीज, तांदूळ, दोन हजार आणि मंत्रिमंडळ.

---

कुंदा_प्रेमी
१६ जून, दुपारी १.०५

मंत्रिमंडळाचं विचारलंत म्हणून. जिल्ह्यात १८ पैकी ११ काँग्रेसचे. सतीशअण्णा जारकीहोळी पहिल्याच यादीत मंत्री, आता पालकमंत्री. हेब्बाळकर अक्का २७ मेला मंत्री, महिला आणि बालकल्याण. ग्रामीणमध्ये ५६ हजारांनी आल्या, पण पालकमंत्रिपद मिळालं उडुपीचं. आमच्या चौकात दोन गट पडले होते, कोण पालकमंत्री होणार म्हणून पैज लागली होती. मी हरलो, कुंदा द्यावा लागला.

आणि जारकीहोळींचं घर बघा. सतीशअण्णा काँग्रेसचे मंत्री, रमेश आणि बालचंद्र भाजपचे आमदार. सरकार कुणाचंही येऊ दे, त्या घरात गुलाल आहेच. यालाच खरी गॅरंटी म्हणतात. सहावी.

---

खानापूरची_लेक
१६ जून, रात्री ९.४५

कुंदा_प्रेमी 😄

आमच्याकडं आता सगळ्यात मोठा विषय गृहलक्ष्मी. दोन हजार घरातल्या कर्त्या बाईला. कर्ती कोण? रेशन कार्डावर जिचं नाव पहिलं ती. म्हणजे सासू. मंत्री अक्कांनी पण सांगून टाकलं की हक्क सासूचा, सासूला वाटलं तर ती सुनेला देईल. हे "वाटलं तर" वाचून आमच्या वाडीत तीन घरांत जेवणं थंड झालीत. एका घरात सून म्हणाली, कार्ड वेगळं करूया. सासू म्हणाली, चूल वेगळी करशील तेव्हा कार्ड वेगळं. पैसे अजून आलेले नाहीत, अर्ज पण सुटलेला नाही. तांदूळ दहा किलो म्हणाले, तर आता केंद्राकडून मिळेना म्हणतात.

माझी सासू म्हणाली, "येऊ देत तर खरं. निम्मे निम्मे." मी लिहून घ्यायला हवं होतं.

---

मागवाला
रविवार, १८ जून, दुपारी ३.२०

गृहज्योतीचे अर्ज आजपासून सुरू. सेवासिंधूवर. सकाळी दहापासून बसलोय, साइट फिरतच राहते. शेवटी उघडली तर कन्नड नाहीतर इंग्रजी. बिलावरचा खातेनंबर घालायचा, आधार घालायचा, भाडेकरू की मालक सांगायचं. मला जमेल. माझ्या कामगारांना नाही जमणार. कोपऱ्यावरच्या सायबर कॅफेवाल्यानं ५० रुपये घ्यायला सुरुवात केलीय. फुकट विजेचा अर्ज ५० रुपये.

इथं जुने समितीवाले काका आहेत म्हणून म्हणतो. मराठीत अर्ज द्या ही मागणी आपण किती वर्षं करतोय? जिथं पंधरा टक्क्यांवर अल्पसंख्याक आहेत तिथं त्यांच्या भाषेत कागद द्यायचे, हे ठरून गेलेलं आहे ना? आता हेच मोर्चाचं निमित्त करा. लोक येतील. बायका तर फुकटात येतील.

---

जुना_समितीवाला
१८ जून, सायंकाळी ६.००

हे बोललास ते पटलं. आमच्या गल्लीतल्या दोन पोरांना बसवून देवळात अर्ज भरून द्यायची सोय उद्यापासून करतोय, पैसे नाहीत. जे कन्नडमध्ये विचारलंय ते मराठीत लिहून भिंतीवर लावू. कुणी फलक उतरवायला आलं तर बघू.

---

वडगावकर
१८ जून, रात्री १०.१५

धागा एवढा लांबेल असं वाटलं नव्हतं. काका, उद्या मी पण येतो देवळात, संध्याकाळी सहानंतर.

आईचा पुढचा बेत ऐका. आता तिला जोतिबाला जायचंय. तिला सांगितलं, तिकडं शून्य चालत नाही. "मग कुठवर चालतंय?" म्हणाली. मी सांगितलं, निपाणी. तर म्हणते, "म्हणजे निपाणीपर्यंत सरकारचं, पुढं माझं." निपाणीकर, रविवारी सकाळी लवकर निघाली तर निपाणीतून पुढं एसटी किती वाजता, आणि बसायला मिळेल का? तिचे पाय अजून उतरलेले नाहीत.

---

निपाणीकर
१८ जून, रात्री १०.४०

बेळगावातून पहाटेची पहिली गाडी पकडायला सांगा. आठनंतर गर्दी होते. इथं उतरल्यावर स्टँडच्या आत थांबू नका, एसटी बाहेरच्या बाजूलाच भरते, सरळ माझ्या दुकानाकडं या, मी बसवून देतो. आधार आणायला सांगा, आणि शंभराची नोट नको, दहा-दहाचे सुटे. चहा मी पाजतो.